गुडघा बदलल्यावर मालिश: केव्हा, कुठे आणि किती



मागच्या एका ग्रामसंघाच्या बैठकीतली गोष्ट. हप्ते लिहून झाले, बचतीची वही मिटली, चहा आला. तेव्हा एका ताईने हळूच विचारलं, "मॅडम, माझ्या सासूबाईंचा गुडघा बदलून बारा दिवस झाले. पाय पार घोट्यापर्यंत सुजलाय. मालिशवाल्या मावशींना बोलावू का?"

लगेच बैठकीत दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणाली, "तेल लावून चांगलं रगडलं की सूज उतरते. बाळंतिणीच्या अंगाची उतरत नाही का?" दुसरी बाजू म्हणाली, "अजिबात हात लावू नका, आतलं लोखंड हलेल." मालिश करणाऱ्या मावशी स्वतः बैठकीतच बसल्या होत्या. त्या मात्र काही बोलल्या नाहीत.

मीही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नाही. म्हणून त्या ताईंबरोबर सासूबाईंच्या टाके काढायच्या तारखेला दवाखान्यात गेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंना आपल्या बैठकीतले सगळे प्रश्न विचारले आणि वहीत लिहून आणले. त्यातून एक गोष्ट नीट कळली. बैठकीतल्या दोन्ही बाजू थोड्या बरोबर होत्या आणि थोड्या चूक. मालिश वाईट नाही. पण ती केव्हा करायची, पायाच्या कुठल्या भागाला करायची आणि किती दाबाने करायची, यावर सगळं अवलंबून आहे. बाळंतिणीची मालिश आणि गुडघा बदललेल्या पायाची मालिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या गटांमध्ये आता गुडघा बदललेल्या किंवा बदलायला निघालेल्या बऱ्याच मावशी आहेत. खुरपणी, वेचणी, उकिडवं बसून धुणं-भांडी, डोक्यावर पाणी असं करत आयुष्य गेलं. गुडघे झिजले. म्हणून हा विषय या अंकात सविस्तर लिहिते आहे.

गुडघा बदलतात म्हणजे काय करतात?

बऱ्याच जणींना वाटतं की जुना गुडघा काढून अख्खा नवा बसवतात. तसं नसतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक जिथे भेटतं, तिथे कूर्चेची गादी असते. ती झिजली की हाडावर हाड घासतं आणि कळा येतात. ऑपरेशनमध्ये या दोन्ही टोकांचा खराब झालेला थर कापून काढतात. त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि दोघांच्या मध्ये कठीण प्लास्टिकची गादी ठेवतात. बाकी स्नायू, शिरा, कातडी सगळं आपलंच असतं.

म्हणजे कातडीवरून हलका हात फिरवल्याने धातू हलत नाही. ती भीती सोडून द्या. पण तो बसवण्यासाठी कातडी, मांस, हाड कापलेलं असतं. आत मोठी जखम असते. वरचे टाके निघाले म्हणजे आतलं सगळं भरून आलं असं नाही. रगडण्याचा त्रास धातूला नाही, या जखमेला होतो.

सूज का येते आणि किती दिवस राहते?

जखम झाली की शरीर तिथे रक्त आणि पाणी जास्त पाठवतं. हाताला विळा लागला तरी बोट सुजतंच ना? इथे तर हाड कापलेलं आहे. शिवाय आत थोडा रक्तस्राव होतो. पाय खाली लोंबत राहिला की तेच पाणी उताराने पोटरीत, घोट्यात, पावलात येतं. म्हणून ऑपरेशन गुडघ्याचं असलं तरी पाऊल फुगलेलं दिसतं. मांडीवर, पोटरीवर, कधी घोट्यापर्यंत काळेनिळे डाग उतरतात. तेही साचलेलं रक्तच असतं आणि हळूहळू विरून जातं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सूज जास्त असते. त्यानंतर कमी होत जाते, पण थोडी सूज तीन ते सहा महिने राहू शकते. गुडघा हाताला कोमट लागतो, तेही काही महिने चालतं. जास्त चाललं की संध्याकाळी सूज वाढते आणि रात्रभर पाय वर ठेवला की सकाळी उतरते. अशी वाढणारी-उतरणारी सूज साधारण नेहमीचीच आहे. तिला घाबरून घाईघाईत इलाज करू नका.

मग सूज उतरवायची कशाला, आपोआप जाईल की, असंही कोणी म्हणेल. तर तसंही नाही. सूज असली की गुडघा नीट वाकत नाही, सरळही होत नाही. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू ढिला पडतो. त्याला ताकद लावायला गेलं तरी तो साथ देत नाही. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा हलवला नाही तर तो तसाच आखडून बसतो आणि मग सोडवणं फार अवघड जातं. एवढे पैसे घालून, एवढं सोसून शेवटी ताठ पाय पदरात पडायला नको. म्हणून सूज आणि व्यायाम या दोन्हींकडे सारखं लक्ष द्यायचं.

पहिले दोन आठवडे: मालिश नाही, चार साधी कामं

टाके किंवा पिना साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोपर्यंत गुडघ्याला तेल लावायचं नाही, चोळायचं नाही, लेप लावायचा नाही. या काळात सूज उतरवायची ती या चार गोष्टींनी.

१. पाय वर ठेवणं. नुसतं स्टुलावर पाय ठेवून बसणं पुरेसं नाही. खाटेवर उताणं झोपून पाय छातीपेक्षा वर येईल असा ठेवायचा. गोधडीची जाड घडी करून ती पोटरीखाली आणि टाचेखाली घ्यायची. इथे एक चूक सगळ्या घरांत होते. गुडघ्याखाली उशी किंवा लोड ठेवतात, कारण त्याने बरं वाटतं. पण नुसती गुडघ्याखाली उशी ठेवली की गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे तो पूर्ण सरळ होत नाही. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी अर्धा तास पाय असा वर ठेवा.

२. थंड शेक. गरम नाही, थंड. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटं गुडघ्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना ठेवायचा. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, आणि पट्टी ओली होऊ द्यायची नाही. घरात फ्रिज नसेल तर शेजारणीच्या फ्रिजमध्ये दुधाच्या धुतलेल्या पिशवीत पाणी भरून गोठवून आणा. व्यायाम झाल्यावर थंड शेक घेतला तर जास्त उपयोग होतो.

३. पाऊल वर-खाली हलवणं. झोपल्या झोपल्या पावलाचा पंजा आपल्याकडे ओढायचा आणि मग पुढे ढकलायचा, शिलाई मशीनचं पायडल मारतो तसं. जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा करायचं. पोटरीचा स्नायू आवळतो, सैल होतो आणि साचलेलं रक्त वर ढकलतो. पोटरीला बाहेरून दाबण्याची गरजच राहत नाही, हे काम तिचा स्नायू स्वतः करतो.

४. थोडं चालणं, थोडी विश्रांती. वॉकर धरून घरातल्या घरात थोडं थोडं चालायचं. एकदम देवळापर्यंत फेरी नको आणि दिवसभर खाटेवर पडून राहणंही नको. सूज खूप वाढली तर आज जास्त झालं असं समजायचं. उद्या फेऱ्या कमी करायच्या, पण बंद करायच्या नाहीत.

याशिवाय दवाखान्यातून शिकवलेले व्यायाम असतातच. मांडी आवळून गुडघा खाटेवर दाबणं, टाच खाटेवरून सरकवत गुडघा वाकवणं, पाय सरळ उचलणं. हे दुखतं, यात शंका नाही. वेदनेची जी गोळी डॉक्टरांनी दिली आहे, ती व्यायामाच्या आधी कधी घ्यायची हे त्यांनाच विचारून घ्या. मेडिकलमधून मनाने जादा गोळ्या आणू नका, विशेषतः बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर.

पोटरीला हात नको, याचं कारण

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा भाग बैठकीत वाचून दाखवावा ही विनंती.

गुडघा बदलल्यावर पायाच्या आतल्या मोठ्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. एक तर ऑपरेशन झालेलं, त्यात हालचाल कमी, म्हणून रक्त संथ होतं आणि आत गोठतं. ही गाठ बहुतेक वेळा पोटरीत किंवा मांडीत होते. पहिल्या काही आठवड्यांत हा धोका सगळ्यात जास्त असतो आणि साधारण तीन महिन्यांपर्यंत राहतो. यासाठीच डॉक्टर रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा इंजेक्शन देतात. ती औषधं "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडू नका.

अशी गाठ असताना पोटरी जोरात दाबली, रगडली, तर ती जागेवरून सुटू शकते. सुटलेली गाठ रक्ताबरोबर वर जाते आणि फुप्फुसात अडकते. मग अचानक दम लागतो, छातीत दुखतं आणि माणूस दगावूही शकतो. शिवाय प्रत्येक गाठ बाहेरून दिसतेच असं नाही. कधी कधी पाय वरून चांगला दिसतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत पोटरी रगडायची नाही, तुडवायची नाही, पोराला पायावर उभं करायचं नाही. पोटरीला मालिश करायचीच असेल तर डॉक्टरांनी तपासून "चालेल" म्हटल्यावरच.

त्या बैठकीत मालिशवाल्या मावशी गप्प का होत्या, ते मला नंतर त्यांच्या ओट्यावर बसल्यावर कळलं. त्या म्हणाल्या, "पोरी, मला दोन वर्षांमागं असाच एक पाय दाखवला होता. घरचे म्हणाले, शीर आखडली, मोकळी करून द्या. मी हात लावला तर पोटरी दगडासारखी, आणि गरम. दुसऱ्या पायाला हात लावून बघितला, तो मऊ होता. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. म्हटलं, हा पाय माझ्या हाताचा नाही, दवाखान्याचा आहे. घरचे रागावले. पण नेलं." दवाखान्यात तपासणीत गाठ निघाली. औषध सुरू झालं आणि ती बाई वाचली.

मावशींनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. दोन्ही पायांना हात लावून फरक ओळखला आणि नाही म्हणण्याची हिंमत दाखवली. त्या दिवशीची कमाई बुडाली ती वेगळीच. आपल्या गटांतल्या मालिश करणाऱ्या सगळ्या मावशींनी हे लक्षात ठेवावं, आणि आपण घरच्यांनी अशा "नाही"चा राग मानू नये.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- पोटरी दुखते, टणक किंवा गरम लागते, एकाच पायाची सूज अचानक वाढते आणि रात्रभर पाय वर ठेवूनही उतरत नाही. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.
- अचानक दम लागतो, छातीत दुखतं, खोकल्यातून रक्त येतं, चक्कर येऊन पडते. लगेच १०८ ला फोन करा.
- ताप येतो (१००.४ किंवा त्याहून जास्त), थंडी वाजते, जखमेतून पू किंवा पाणी येतं, लाली पसरत जाते, कमी झालेली वेदना पुन्हा वाढते. जिथे ऑपरेशन झालं त्या दवाखान्याला लगेच कळवा.
- पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही, किंवा पाय सरळ उचलताच येत नाही. हेही लगेच दाखवा.

गुडघ्यात पाणी झालं म्हणून गावातल्या दवाखान्यात सुई घालून काढून घेऊ नका. नव्या गुडघ्यात जंतू गेले तर तो पुन्हा उघडावा लागू शकतो. ज्या मावशींना साखरेचा आजार आहे त्यांनी जास्त जपायचं. साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते आणि जंतू लवकर धरतात.

टाके निघाल्यावर: मांडीची हलकी मालिश

टाके निघाले, जखम पूर्ण कोरडी आहे, खपली नाही, ताप नाही, पोटरी ठीक आहे आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट "हो" म्हणाले, तर मांडीची हलकी मालिश सुरू करता येते. तिने वेदना थोडी हलकी होते, पाय मोकळा वाटतो आणि व्यायाम करायला धीर येतो. अशा हलक्या मालिशीवर अभ्यासही झाले आहेत. काहींमध्ये गुडघा वाकण्यात आणि वेदनेत फायदा दिसला, पण सूज किती उतरते याबद्दल सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. म्हणून मालिश हा जोडीचा उपाय समजा. पाय वर ठेवणं आणि व्यायाम यांच्या जागी ती चालत नाही.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी पद्धत दाखवली ती अशी:

आधी हात साबणाने धुवायचे, नखं कापलेली हवीत, बांगड्या आणि अंगठी काढून ठेवायची. पेशंटला उताणं झोपवून पाय गोधडीच्या घडीवर वर ठेवायचा. तळहाताला खोबरेल तेलाचे चार थेंब पुरे. जखमेच्या रेषेवर तेल न्यायचं नाही.

सुरुवात गुडघ्यापासून नाही, वरून करायची. शेतात पाणी तुंबलं तर आपण काय करतो? आधी पुढचा चर मोकळा करतो, मग मागचं पाणी आपोआप वाट काढतं. इथेही तसंच. शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि त्या पायातून वर जांघेकडे जातात. म्हणून आधी मांडीच्या वरच्या भागातून जांघेकडे हात फिरवायचा, आठ-दहा वेळा. मग मांडीच्या मधून जांघेकडे. मग गुडघ्याच्या चार बोटं वरून जांघेकडे. हात नेहमी खालून वर, हृदयाच्या दिशेने. वरून खाली ओढायचं नाही.

दाब किती? झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवतो तेवढा. या वाहिन्या नाजूक असतात, जोर लावला की दबून जातात. "दुखलं म्हणजे लागू पडलं" हा हिशोब इथे उलटा आहे. दुखलं, लाल झालं, तर जोर जास्त झाला. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना जोर लावला तर काळेनिळे डागही पडतात. दहा मिनिटं, दिवसातून एक-दोन वेळा पुरे. त्यानंतर लगेच पाऊल हलवायचा आणि गुडघा वाकवायचा व्यायाम करून घ्यायचा.

हलक्या हाताने पाणी वर सारण्याची ही पद्धत नवी नाही. डेन्मार्कचे एमिल वॉडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात ती बसवली आणि आज जगभर शिकवली जाते. आपल्या मालिशवाल्या मावशींच्या हाताला फक्त एवढंच शिकायचं आहे की इथे जोर कमी करायचा.

साधारण सहा आठवड्यांनंतर: व्रणाची मालिश

जखम भरली की तिथे उभा, लांब व्रण राहतो. कधी त्याखालची कातडी आतल्या मांसाला चिकटते, मग गुडघा वाकवताना ओढ बसते. यासाठी व्रणाची मालिश करतात. डॉक्टरांनी व्रण पाहून परवानगी दिल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनंतर ती सुरू करायची. व्रणावर कुठेही ओल किंवा खपली असेल तर थांबायचं.

बोटांच्या टोकांनी व्रणावर छोटे गोल फिरवायचे. मग कातडी वर-खाली आणि उजवी-डावीकडे हळूच सरकवायची. बोट कातडीवरून घसरवायचं नाही, कातडीला सोबत घेऊन हलवायचं. पाच मिनिटं, दिवसातून दोन वेळा. हे पेशंटला स्वतःलाही करता येतं आणि स्वतः केलेलं जास्त बरं, कारण दाब किती सोसतो ते आपलं आपल्याला कळतं. गुडघ्याची वाटी हलवण्याची पद्धतही असते, पण ती फिजिओथेरपिस्टकडून हातात हात घेऊन शिकल्याशिवाय करू नका.

घरच्या इलाजांबद्दल थोडं स्पष्ट

गरम विटेचा शेक, रुईचं किंवा एरंडाचं पान तापवून बांधणं, निरगुडीचा पाला, हे आपण गुडघेदुखीला वर्षानुवर्षं करत आलो. पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला सुरुवातीच्या काळात गरम शेक दिला तर सूज वाढते. आणखी एक धोका असा की व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बऱ्याच जणींना बधिर लागते. ऑपरेशनमध्ये तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून असं होतं. बधिर जागेला चटका कळत नाही. फोड आल्यावरच समजतं. पाला, लेप, झणझणीत बाम, मोहरीचं तेल ताज्या व्रणापासून लांब ठेवा.

आणि कोणी म्हणालं की "एक झटका देतो, गुडघा मोकळा होईल", तर त्याला घरात येऊ देऊ नका. गुडघा रोजच्या थोड्या थोड्या व्यायामाने मोकळा होतो. झटक्याने आतली जखम आणि स्नायूची दोरी तुटू शकते.

घर आणि गट काय करू शकतो?

मी घरभेटींमध्ये एक गोष्ट पाहिली आहे. गुडघा बदललेली बाई आठव्या-दहाव्या दिवशी चुलीपुढे दिसते. कोणी "ऊठ" म्हणालेलं नसतं. पण खाटेवर पाय वर करून पडलं की तिलाच लाज वाटते. सून रानात गेली, नात शाळेत गेली, मग भाकरी कोण करणार? ती खाली बसते, उठते, पाय लोंबतो, सूज वाढते. संध्याकाळी मालिशवालीला बोलावणं जातं.

सूज उतरवण्यासाठी पाय वर ठेवणं हा औषधाचाच भाग आहे, आळस नाही. हे घरातल्या पुरुषांनाही सांगा. सहा आठवडे पाणी भरणं, भाकरी, धुणं कोण करणार हे ऑपरेशनच्या आधीच ठरवा. बर्फ आणणं, गोधडीची घडी लावणं, व्यायामाचे आकडे मोजणं ही कामं मुलगा किंवा नवराही करू शकतो.

गटानेही काही करता येईल:

- बैठकीत तिला खुर्ची द्या. सतरंजीवर मांडी घालून बसण्याचा आग्रह नको. बैठक लांबली तर पाय ठेवायला समोर दुसरी खुर्ची ठेवा.
- कमोड खुर्ची आणि वॉकर काही महिन्यांपुरतेच लागतात. ग्रामसंघाने एक-एक घेऊन ठेवले तर गावातल्या बऱ्याच घरांना आळीपाळीने वापरता येतील.
- ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं तर नंतरचा खर्चही मोजा. टाके काढायला, तपासणीला, फिजिओथेरपीला जाण्या-येण्याचा खर्च धरलेलाच नसतो आणि मग तेच चुकवलं जातं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आहे, म्हणून बिलात गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा. सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.
- मालिश करणाऱ्या मावशींना गुडघ्याच्या पेशंटबरोबर एकदा फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. पद्धत एकदा डोळ्यांनी पाहिली की त्यांचा हात लवकर शिकतो, आणि त्यांचं कामही सुरक्षित होतं.

त्या सासूबाईंचं काय झालं?

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पोटरी तपासली. गाठीची लक्षणं नव्हती. सूज दिवसभर पाय लोंबवून बसल्यामुळे होती आणि गोधडीची घडी नेमकी गुडघ्याखालीच होती. घडी टाचेकडे सरकली, बर्फ सुरू झाला आणि नातू रोज संध्याकाळी व्यायामाचे आकडे मोजायला बसू लागला. पाचव्या दिवशी घोट्याचं हाड दिसायला लागलं.

आता सात आठवडे झाले. परवानगी मिळाल्यावर मालिशवाल्या मावशी आठवड्यातून दोनदा मांडीला हलका हात फिरवायला जातात. व्रणाची मालिश सासूबाई स्वतः करतात. थोडी सूज संध्याकाळी अजून येते. मागच्या बैठकीला त्या वॉकर न घेता, काठी टेकत आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

तुमच्या गावात कोणाचा गुडघा बदलला असेल किंवा बदलायचा असेल, तर पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. काही प्रश्न राहिले तर सचिव ताईंकडे लिहून द्या. पुढच्या दवाखाना भेटीला मी ते घेऊन जाईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक